पेटीचं तिकीट

एसटीत स्वतःचं एक आणि पत्र्याच्या पेटीचं एक, अशी दोन पूर्ण तिकिटं काढणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. प्राध्यापक हिंदुराव बाबर. खिडकीशी पेटी, मधे हिंदुराव आणि कडेला मी, अर्धा बाकावर आणि अर्धा वाटेत, असा आम्ही तिघांनी सांगली ते पुणे प्रवास कितीदा तरी केला आहे. तिघांत सर्वांत आरामात पेटी असायची.

कंडक्टर दर वेळी नवा असे आणि संवाद दर वेळी जुना.

"दुसरं तिकीट कुणाचं?"

"तिचं."

कंडक्टर वाकून खिडकीशी बाई शोधायचा. मग त्याला पेटी दिसायची.

"आवं सायेब, पेटी टपावर टाकायची आस्ती. तिला कशाला शीट?"

"टपावर ऊन किती असतं?"

"लय."

"लय म्हणजे किती? आकडा सांगा."

यावर कंडक्टर दोन तिकिटं काढून त्यांना चिमट्यानं भोकं पाडायचा, आणि हिंदुराव ती भोकं उजेडाला धरून तपासायचे. एकदा कासेगावला एक म्हातारी चढली. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. हिंदुराव ताबडतोब उठले, म्हातारीला आपल्या जागी बसवलं आणि साताऱ्यापर्यंत दांडीला लोंबकळत उभे राहिले. पेटी बसलेलीच होती. म्हातारीनं तिच्यावर कोपर टेकलं तेव्हा मात्र ते वाकून अत्यंत अदबीनं म्हणाले, "मावशी, तिला भार सोसत नाही."

म्हातारीनं दचकून कोपर काढलं. "आत कोन हाय रं बाबा?"

आत अकराशे सोळा कार्डं होती. लग्नपत्रिकेपेक्षा लांबट, पुठ्ठ्याची, अंगभर बारीक चौकोनी भोकं पाडलेली. त्या काळी कॉम्प्युटरला आपलं म्हणणं सांगायचं तर ते असं भोकांच्या भाषेत सांगावं लागे. सांगलीत कॉम्प्युटर नव्हता. होता तो पुण्याच्या एका संस्थेत, आणि तो हिंदुरावांच्या वाट्याला वर्षातून दोनदा, दोन-दोन तास येई. उरलेलं वर्षभर ते त्या चार तासांची तयारी करत. पुण्यात कार्डांना भोकं पाडून घ्यायची, सांगलीला आणून एकेक कार्ड खिडकीशी धरून तपासायचं, चूक सापडली की नवं कार्ड, आणि मग पुन्हा एसटी. क्रमातलं एक कार्ड मागंपुढं झालं की नऊ वर्षांचं गणित कोसळणार. म्हणून ती पेटी टपावर जात नसे.

मी त्याच कॉलेजात इतिहास शिकवत होतो, म्हणजे मेलेल्या राजांची हजेरी घेत होतो. गावभागात एका माडीवर आमच्या खोल्या शेजारी-शेजारी होत्या. त्यामुळं हिंदुरावांच्या खरेपणाचा त्रास मला चोवीस तास होता. 'अंदाजे' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. खानावळीच्या आक्का म्हणायच्या, "आमटी गरम हाय, बसा." हे खिशातून थर्मामीटर काढून वाटीत बुडवायचे आणि म्हणायचे, "एकसष्ट. गरम म्हणायला हरकत नाही." आक्कांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मास्तर, ह्यांला बायकू न्हाई त्ये बरंच हाय, न्हवं?"

बायको नसण्याचं कारणही थर्मामीटरच्याच जातीचं होतं. आष्ट्याचं एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. मुलीच्या वडलांनी जमीन किती म्हणून विचारलं. दुसरा कुणी असता तर "हाय की पोटापुरती" म्हणून सुटला असता. ह्यांनी गुंठ्यांचा हिशेब सांगितला, त्यातले खडकाळ किती ते सांगितलं, आणि कुणी विचारलं नसताना आपण घोरतो असं शेजारच्या मास्तरांचं मत असल्याचंही सांगितलं. पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले.

एका स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी कौतुकानं "आपले डॉक्टर बाबर" असा उल्लेख केला. हिंदुराव खुर्चीतून उठून माइकपाशी गेले. "दुरुस्ती. मी डॉक्टर नाही. अजून नाही." एवढं बोलून परत जागेवर येऊन बसले. प्राचार्यांना पुढचं भाषण आठवेना.

आणि हाच माणूस कुंडलच्या अलीकडं असलेल्या आपल्या वाडीत पाऊल टाकलं की डॉक्टर व्हायचा. पारावरची माणसं म्हणायची, "डॉक्टर, रामराम." हा म्हणायचा, "रामराम." दुरुस्ती नाही, अजून नाही, काही नाही. कुणी पोट दुखतंय म्हणून औषध मागायला आलं तर विचारायचा, "किती दुखतंय?" आणि त्याला कुंडलच्या दवाखान्यात पाठवायचा, पण आपण त्यातले डॉक्टर नव्हे, कुठलेच नव्हे, हे काही सांगायचा नाही. आयुष्यात एकच खोटं बोललेल्या माणसाचं ते एक खोटं मला सांगायचं आहे. त्यात माझाही हात आहे, आणि शब्दशः हात आहे.

आधी त्या अकराशे सोळा कार्डांचं काम काय ते सांगतो. मला स्वतःला ते एका धार लावणाऱ्यामुळं कळलं. आमच्या गल्लीत सायकलवर दगडी चाक फिरवत सुऱ्या-कातऱ्यांना धार लावणारा एक जण यायचा. तो आला की हिंदुराव तास टाकून खाली उतरायचे आणि चाकाशी उकिडवे बसायचे. "ह्यात जे बारीक चमकतंय ना मास्तर, ते सिलिकॉन कार्बाइड. माझा जन्म त्याच्यात चाललाय." ट्रान्झिस्टर रेडिओतले साधे खडे उष्णता वाढली की बावचळतात. ह्या पदार्थाचा खडा मात्र लालबुंद भट्टीत बसवला तरी शुद्धीवर राहून आपलं काम करील, असं त्यांचं म्हणणं. अडचण एकच. चाकात असतात ते कण. यंत्रात बसवायचा तर मोठा, स्वच्छ, अखंड स्फटिक हवा, आणि तो वाढवणं महाकठीण. हा पदार्थ बंद कुपीत दोन हजार अंशांच्या वर तापवायचा. तो वितळत नाही, त्याची सरळ वाफ होते. ती वाफ कुपीतली जरा थंड जागा बघून बसते आणि थरावर थर चढून खडा वाढतो. कुठं किती ताप आहे यावर खडा चांगला येणार की वेडावाकडा, हे ठरतं. आणि आत तर डोकावता येत नाही.

"म्हणून आकड्यांनी डोकवायचं," हिंदुराव म्हणायचे. कागदावर त्या कुपीच्या बारीक-बारीक चौकटी पाडायच्या. प्रत्येक चौकटीनं आपल्या चार शेजारणींना विचारायचं, बाई, तुझा ताप किती? त्यांची सरासरी काढून आपला ताप ठरवायचा. मग पुन्हा विचारायचं, पुन्हा ठरवायचं, हजारो वेळा, सगळ्या चौकटी शांत होईपर्यंत. माणसाला हे करायला जन्म पुरणार नाही. कॉम्प्युटरला दोन तास पुरतात.

हे सगळं एकदा वाडीवर हिंदुराव मला समजावत असताना त्यांच्या वैनी चुलीपुढं भाकरी थापत ऐकत होत्या. भाकरी परतून म्हणाल्या, "म्हंजी भावकीगतच की. शेजारी तापला की आपुन बी तापायचं, त्यो निवला की आपुन निवायचं. त्येला मशीन कशाला पायजे?"

हिंदुराव माझ्याकडं वळून म्हणाले, "बघा. आमच्या गाइडना हे दोन वर्षांनी समजलं."

वैनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. भाऊ फौजेत, वर्षातून महिनाभर घरी. हिंदुराव चार वर्षांचे असताना आई गेली, त्याच साली पंधरा-सोळा वर्षांच्या वैनी लग्न होऊन घरात आल्या आणि आल्या-आल्याच आई झाल्या. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. घरचं गुऱ्हाळ होतं. वर काहिलीत रस उकळायचा, तिथं गुळव्या उभा. खाली चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या, तोंडाशी उसाची चिपाडं सारत वैनी बसायच्या. जाळ किती झाला हे सांगणारं तिथं काही नव्हतं, डोळ्यानंच बघायचं. जाळाचा रंग बघून सारायचं किंवा थांबायचं. वीस-बावीस हंगाम त्यांनी त्या तोंडात बघत काढले. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा डावा डोळा गेला होता आणि उजव्यात धुकं होतं. चेहरे त्या आवाजावरनं ओळखत, आणि हिंदुरावांना पायाच्या आवाजावरनं.

आता त्या सालाकडं येतो. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष. हिंदुरावांचे पुण्याचे गाइड दिवाळीला निवृत्त होणार होते. विद्यापीठानं दिलेली मुदतवाढही शेवटची होती आणि तीही तेव्हाच संपत होती. दिवाळीच्या आत निकालाचे आकडे प्रबंधात गेले तर डॉक्टरकी, नाही तर नऊ वर्षं पाण्यात. ह्या विषयाला दुसरा गाइड आसपास कुणी नव्हता. कॉम्प्युटरची वेळ मिळाली होती ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीन ते पाच. त्यानंतरची थेट फाल्गुनात.

कार्डं तयार होती. तीन वेळा तपासून झाली होती. मलमलीच्या फडक्यात गुंडाळून, कोपऱ्यांत तांदळाच्या पुरचुंड्या ठेवून पेटीला कुलूप लागलं होतं. पण वैनींचा निरोप आला, सणाला ये, मास्तरला बी आण. वैनींना नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. दसरा करून तिथनंच पुण्याला जाऊ असं ठरवून आम्ही पेटीसह अष्टमीला वाडीवर पोचलो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पूजतात. वैनींच्या अंगणात पाटावर सगळं धुऊन पुसून मांडलेलं होतं. नांगराचा फाळ, कोयते, खुरपी, थोरल्या भावाचा फौजेतला पट्टा, शिवणाचं मशीन, एक सायकल. हिंदुराव उसाला पाणी धरायला मळ्यात गेले होते.

"मास्तर, तुमचं हत्यार?" वैनींनी विचारलं.

मी खिशातलं पेन काढून पाटावर ठेवलं. कोयत्याशेजारी ते फारच केविलवाणं दिसत होतं.

"आन हिंदूचं?"

"त्यांची पेटी आहे की."

"मग आना."

मी पेटी आणली. वैनींनी वरनं हात फिरवला. कुलूप हाताला लागलं. "मास्तर, कुलपाची पूजा करायची व्हय? कोयता काय म्यानात घालून पुजत्यात?"

किल्ली खुंटीवरच्या सदऱ्यात होती. ती आणायला वैनींनी मला सांगितलं नाही. मीच गेलो. मला नाटकाची आवड आहे. अंगणात झेंडूची आरास, कोयत्यांची रांग आणि त्यात कॉम्प्युटरच्या कार्डांना कुंकू, असा प्रवेश पुन्हा बघायला मिळणार नव्हता. कुलूप मी काढलं, फडकं मी उलगडलं, आणि मोठ्या अदबीनं बाजूला झालो.

वैनींनी बोटांनी कार्डांच्या कडा चाचपल्या. "ह्येच व्हय त्ये? पोथीगत लागतंय हाताला." हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मग नारळ फोडला आणि रीतीप्रमाणं त्याचं पाणी सगळ्या हत्यारांवर शिंपडलं. फाळावर दोन थेंब, मशीनवर दोन थेंब. लाडक्या दिराच्या हत्याराला मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही. कवटीत उरलेलं सगळं पाणी पेटीत गेलं. वैनींना दिसत नव्हतं. मला दिसत होतं. पाणी जरा जास्त झालं का, असं माझ्या मनात येऊनही गेलं. पण वैनी हात जोडून, मिटायची गरज नसलेले डोळे मिटून उभ्या होत्या आणि ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. तिथं तोंड उघडणं मला बरं वाटेना. वरवर फडक्यानं टिपलं, झाकण लावलं, कुलूप घातलं. हिंदुराव मळ्यातनं आले, त्यांनी पेटीवरचं कुंकू आणि झेंडू पाहिला, आणि पूजा वरनंच झाली असं समजून नुसते हसले. मी सांगितलं नाही. वाळेल, म्हटलं.

ते वाळलं. नारळाचं पाणी बंद पेटीत दोन दिवसांत कसं वाळतं ते मला पुण्यात कळलं.

तीनला पाच कमी असताना हिंदुरावांनी काचेच्या दारामागच्या त्या थंडगार खोलीत पेटी उघडली. पहिला वास आला तो खोबऱ्याचा. कार्डं फुगली होती, कडांना पिवळी झाली होती, आणि दहा-दहा, वीस-वीस अशी एकमेकांना चिकटली होती. कार्डं वाचणाऱ्या यंत्राशी एक पोरगेलासा ऑपरेटर होता. त्यानं एक थप्पी हातात घेतली, वाकवून पाहिली आणि म्हणाला, "सर, हा प्रोग्राम आहे का वड्या?"

हिंदुराव हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. त्यांनी पट्टीनं एकेक कार्ड सोडवायला घेतलं. वरची बरी होती ती यंत्रात घातली. पंधराव्या कार्डाला यंत्र अडकलं आणि त्यानं ते कार्ड चावून बाहेर टाकलं. पुन्हा घातलं, पुन्हा अडकलं. ऑपरेटर म्हणाला, "सर, आणखी घालू देणार नाही. माझी नोकरी जाईल." मग शेजारच्या खोलीत भोकं पाडायच्या यंत्रावर हिंदुराव बसले. मी वहीतनं एकेक ओळ वाचत होतो, ते नवं कार्ड पाडत होते. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोर होतं, त्यांच्या पाठीमागं. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. पाच वाजता दुसऱ्या कुणाची तरी पेटी आत आली.

आम्ही बाहेर पायरीवर बसलो. मी सगळं सांगितलं. किल्ली, फडकं, नारळ. मला वाटलं, हा माणूस आता माझ्याशी जन्मात बोलणार नाही.

त्यांनी विचारलं, "खराब किती झाली?"

"अंदाजे दोनशे."

"अंदाजे म्हणू नका."

आम्ही मोजली. दोनशे चौदा. तो आकडा त्यांनी वहीत लिहिला, खाली रेघ मारली आणि म्हणाले, "चुलवाणाच्या आत बसून ताप सांगील असा खडा पाहिजे होता. म्हणजे माणसानं तोंडाशी बसायला नको. प्रबंधात असं लिहिता येत नाही. तिथं उच्च तापमान असं लिहायचं असतं." मग पेटी मांडीवर घेऊन म्हणाले, "मास्तर, वैनींना हे कळता कामा नये."

"मग काय सांगणार?"

ते पेटीला कुलूप लावून उठले.

परतीच्या वाटेवर गाडी साताऱ्याला थांबली. एरवी हिंदुराव तिथं चहा घ्यायचे आणि त्याचा ताप मोजायचे. त्या दिवशी ते खाली उतरले आणि परत आले तेव्हा हातात कंदी पेढ्यांचा पुडा होता. तो पुडा पाहिला आणि मला उत्तर मिळालं. ज्या माणसाला स्वतःचं घोरणं लपवता आलं नाही, तो खोटं बोलायची तयारी करत होता, आणि ते कच्चं राहू नये म्हणून पुरावा बरोबर घेत होता.

वैनी वाडीच्या तोंडाशी उभ्या होत्या. पायांचा आवाज ओळखून म्हणाल्या, "आला का? चाललं का रं तुजं गणित?"

"चाललं."

"डॉक्टर झालास?"

हिंदुरावांनी पुडा त्यांच्या हातात दिला. "झालो, वैनी."

वैनींनी पुडा घेतला, पेटीवरनं एकदा हात फिरवला. मग डोक्यावरचा पदर सारखा करून पहिल्या घराशी गेल्या आणि हाळी दिली, "आवं मामी, त्वांड ग्वाड करा. आमचा हिंदू डॉक्टर झाला." दारोदार पेढा गेला. त्या संध्याकाळपासून वाडीत ते डॉक्टर. तिकडं विद्यापीठाचं पत्र आलं. नोंदणी रद्द.

फाल्गुनात आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. दोन तासांसाठी, आता कुठल्याही पदवीविना. दोनशे चौदा कार्डं नवी होती. यंत्रानं ती सगळी एका दमात गिळली आणि वीतभर जाडीचा कागद बाहेर टाकला, त्यावर आकडेच आकडे. चौकटी शांत झाल्या होत्या. हिंदुरावांनी त्यातला एक कागद तसाच लांबच लांब वाडीवर नेला, वैनींपुढं घोंगड्यावर पसरला आणि त्यांचं बोट हातात धरलं.

"ह्यात जाळ कुठं हाय?" वैनींनी विचारलं.

"हितं." बोट कागदावर सरकलं.

"आन खडा?"

"हितं. वरच्या अंगाला. जिथं जरा निवतंय तिथं."

वैनींनी बोट त्या जागेवरनं पुन्हा जाळापर्यंत नेलं. "लांब हाय की जाळापास्नं," त्या म्हणाल्या. "बरं हाय."

त्या आकड्यांवर एका परदेशी मासिकात चार पानं छापून आली. नावामागं 'डॉक्टर' नव्हतं. कुपी, भट्टी आणि खरा खडा ही पुढची लढाई होती, तिला पैसा लागतो आणि सांगलीत तो कुणी देत नव्हतं. हिंदुराव नव्या कार्डांच्या मागं लागले.

पुढच्या खंडेनवमीला आम्ही परत वाडीवर होतो. पेटी या वेळी हिंदुरावांनी स्वतः आणून पाटावर ठेवली आणि स्वतः कुलूप काढलं. मी आत डोकावलो. खरी कार्डं मेणकापडात घट्ट गुंडाळलेली होती आणि त्यांच्यावर एकही भोक नसलेल्या वीस कोऱ्या कार्डांची थप्पी होती. पूजा त्या थप्पीनं झेलायची, पाणीही तिनंच प्यायचं. मला डोळ्यानं गप्प राहा म्हणून ते मळ्यात निघून गेले. मुद्दामच गेले असावेत.

वैनींनी फाळ पुजला, कोयते पुजले. नारळ फोडला. फाळावर पाणी, मशीनवर पाणी. पेटीपाशी आल्या आणि कवटी त्यांनी माझ्या हातात दिली.

"प्या मास्तर."

"पेटीवर शिंपडायचं नाही?"

त्यांनी एक झेंडू घेतला, देठ पदराला कोरडा पुसला आणि हलकेच कार्डांवर ठेवला. हळदीकुंकवाची बोटं नुसती पेटीच्या पत्र्याला लावली.

"गेल्या साली पेटी पुण्यास्नं आली तवाच वास आला. मागनं फडकं मीच धुतलं की," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नुसतं कडक झाल्यालं. खोबऱ्याचा वास मारत व्हता, बुरशीचा. डोळं गेल्यात माजं, नाक न्हाई गेलं."

मी कवटी हातात धरून उभा होतो.

"मग पेढे?"

"पेढं वाटायचं न्हाई तर काय करायचं? त्यानं साताऱ्यास्नं आणलं व्हतं, माज्यासाटनं. जन्मात कवा खोटं बोललं न्हाई त्ये प्वार. आदी पुडा फुडं केला, मग बोललं." त्यांनी पेटीचं झाकण चाचपून लावलं. "त्यानं मला सांगितलं न्हाई, मी त्येला सांगितलं न्हाई. तुमी बी सांगू नका. गावानं डॉक्टर म्हटलं तर काय बिघाडतंय? धा वर्सं मी बघतोय न्हवं."

बघते नव्हे, बघतोय असंच म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात. पण त्या दिवशी तो शब्द माझ्या कानात वेगळा बसला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याच्या गाडीत बसलो. खिडकीशी पेटी, मधे हिंदुराव, कडेला मी. गाडी वाडीच्या फाट्यावरून निघाल्यावर त्यांनी कुलूप काढलं. भिजलेली कोरी कार्डं बाहेर टाकावीत, खालच्यांना ओल लागू नये, एवढाच त्यांचा हेतू. थप्पी हातात घेतली. वरचं कार्ड पाहिलं, खालचं पाहिलं. मग एकेक करून वीसही पाहिली. सुकलेला झेंडू सोडला तर त्यांच्यावर काही नव्हतं. एक थेंब नाही, एक डाग नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "नारळ फोडला होता ना?"

"फोडला होता."

"मग पाणी?"

मी समोरच्या बाकाकडं बघत राहिलो. आयुष्यात मी फार थोडी गुपितं सांभाळली आहेत. हे सांभाळलं, आणि त्यासाठी एक शब्दही बोलावा लागला नाही. हिंदुरावांनी माझ्याकडं बघितलं, हातातल्या कोरड्या कार्डांकडं बघितलं, आणि ती नाकाशी नेली. मग ती जशीच्या तशी पेटीत ठेवली, वर झेंडू ठेवला आणि झाकण लावलं. कुलूप लावलं, किल्ली सदऱ्यात टाकली.

कंडक्टर आला. पैसे मी पुढं केले. "तीन पुणे."

"तीन? मानसं दोन हायत की."

"तिसरं पेटीचं. डॉक्टर बाबरांची आहे."

वाडीची शीव मागं पडली होती. मी दुरुस्तीची वाट बघत होतो. हिंदुराव खिडकीबाहेर बघायला लागले. उसावर सकाळचं ऊन पसरलं होतं. कंडक्टरनं तिकिटांना भोकं पाडली आणि माझ्या हातात दिली. ती उजेडाला धरून बघायला कुणी मागितली नाहीत.

"पेटी टपावर का न्हाई टाकली, सायेब?" कंडक्टरनं जाता-जाता विचारलं.

"ऊन हाय," हिंदुराव बाहेर बघतच म्हणाले. "लय ऊन हाय."

मी आकडा विचारला नाही.